वाद्य कोणाचे?

मराठीत ‘नाद’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक नाद कानांना ऐकू येतो. दुसरा माणसाला लागतो. पहिल्याला संगीतशास्त्राने ब्रह्मस्वरूप मानले, तर दुसऱ्याबद्दल वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सावध केले. ‘नादी लागणे’ हा वाक्प्रचार कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो. ‘छंद’ या शब्दाचीही तीच कथा. काव्यातला छंद हे बंधन, आणि संसारातला छंद ही नित्याच्या बंधनांतून घटकाभर मिळवलेली मोकळीक. भाषेने ही सांगड हेतुपुरस्सर घातली असेल असे नाही. परंतु ज्या माणसाला वाद्ये विकत घेण्याचा आणि पुढे ती स्वतःच्या हातांनी घडवण्याचा नाद लागतो, त्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आणि तिथे एक प्रश्न उभा राहतो, जो दिसतो तितका साधा नाही. वाद्य कोणाचे? ज्याने दाम मोजले त्याचे, ज्याने ते घडवले त्याचे, की ज्याला ते वाजवता येते त्याचे?

या प्रश्नाचा विचार सतार किंवा व्हायोलिन यांच्या निमित्ताने करू गेल्यास गुरुपरंपरा, घराणी, मैफल, कीर्ती अशा अनेक मोठ्या गोष्टी मध्ये येतात आणि मूळ प्रश्न त्यांच्या गर्दीत हरवतो. त्यापेक्षा एखादे लहानसे, प्रतिष्ठेचा फारसा भार नसलेले वाद्य घ्यावे. हवाई बेटांवरची युकुलेली असे वाद्य आहे. चार तारा, काखोटीला मारून नेता येईल एवढा आकार, तासाभरात दोन-तीन सुरावटी धरता येतील इतका सोपेपणा. हे वाद्य शिकून कोणी पंडित म्हणवून घ्यावे अशी बहुतेकांची अपेक्षा नसते. जगभर असंख्य माणसे ते निव्वळ हौसेने विकत घेतात, आणि त्यांतली काही ते बनवायलाही शिकतात. लाभाची आणि लौकिकाची आशा जिथे इतकी थोडी, तिथे नादाचे नैतिक स्वरूप अधिक स्वच्छ दिसण्याचा संभव आहे.

या वाद्याचा जन्म कष्टकऱ्यांच्या स्थलांतरातून झाला. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यात ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदरात लागले. पोर्तुगालच्या सत्तेखालील मदेरा बेटावरून चारशेहून अधिक माणसे त्यातून उतरली. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्याच्या करारावर ती आलेली होती. त्यांत मानुएल नुनेश, झोझे दो एस्पिरितो सांतो आणि आउगुस्तो दियश हे तिघे लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मळ्यांवरचे दिवस संपल्यावर या तिघांनी होनोलुलूत आपापली दुकाने थाटली, आणि मदेरातल्या ‘माशेते’ या छोट्या तंतुवाद्याला हवाईच्या कोआ लाकडात नवे रूप दिले. हवाईचा राजा कालाकौआ याने या वाद्याला आश्रय दिला. १८८६ च्या त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुला नृत्याच्या साथीला ते वाजले. राजा १८९१ मध्ये वारला. त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली, आणि १८९३ मध्ये अमेरिकन मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गटाने तिची सत्ता उलथून टाकली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. राज्य गेले, राजाच्या दरबारात वाजलेले वाद्य मात्र १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनातून साऱ्या अमेरिकेत पोहोचले, आणि पुढच्या काही वर्षांत मुख्य भूमीवरचे कारखाने ते हजारोंनी बनवू लागले.

हवाईच्या भाषेत या वाद्याच्या नावाचा रूढ अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. वादकाची बोटे तारांवरून ज्या चपळाईने फिरतात तिला उद्देशून तो आहे. स्वतः उत्तम गीतकार असलेल्या राणी लिलिउओकलानीने मात्र त्याच शब्दाची फोड वेगळी केली. तिच्या मते त्याचा अर्थ ‘इथे चालत आलेले देणे’. परक्या मजुरांनी आणलेली वस्तू देणगी म्हणून स्वीकारणारी राणी पुढे स्वतःच आपल्या राज्याला मुकली, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे ‘देणे’ आणि ‘घेणे’ हे शब्द या वाद्याच्या संदर्भात निरुपद्रवी राहत नाहीत.

आता एका कल्पित गृहस्थाकडे वळावे. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडातल्या एखाद्या मध्यम शहरात तो राहतो. नोकरीतून निवृत्त झालेला आहे. नातवाच्या वाढदिवसासाठी म्हणून त्याने एक स्वस्त युकुलेली आणली, नातू दोन दिवसांत कंटाळला, आणि आजोबांना मात्र नाद लागला. पहिले वाद्य आकाराने सर्वांत लहान, ‘सोप्रानो’. मग त्याच्याहून किंचित मोठे ‘कॉन्सर्ट’ असावेसे वाटले, मग ‘टेनर’, मग ‘बॅरिटोन’. मग ध्यानात आले की, महोगनीचा आवाज उबदार असतो आणि कोआचा लखलखीत. तेव्हा प्रत्येकाची एकेक हवी. मग जुन्या बाजारात १९२० च्या दशकातले एक मार्टिन कंपनीचे वाद्य दिसले. तीन वर्षांत भिंतीवर अकरा वाद्ये टांगलेली आहेत आणि रोज संध्याकाळी हाताशी येते ते पहिले, स्वस्तातलेच. शौकिनांच्या मंडळींत या अवस्थेला विनोदाने आजाराचे नाव देण्याची प्रथा आहे. आजाराची थट्टा करता येते तोवर त्यावर उपाय करण्याची घाई कोणाला नसते.

या गृहस्थावर आरोप ठेवणे सोपे आहे. गांधींच्या एकादश व्रतांत अपरिग्रहाला स्थान आहे, आणि पतंजलीच्या यमांतही ते आहे. गरजेहून अधिक जवळ बाळगणे हा या विचारात निव्वळ अविवेक ठरत नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे अडवून धरणे ठरते, म्हणून अपरिग्रह अस्तेयाला लागूनच येतो. खुर्च्या जास्त झाल्या तर त्या निदान पाहुण्यांच्या उपयोगी पडतात. न वाजणारे वाद्य मात्र आपल्या प्रयोजनालाच मुकते. भिंतीवरच्या दहा मुक्या वाद्यांकडे पाहिले म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलची आठवण होते. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या खंडात त्याने प्रश्न टाकला आहे : बासऱ्या वाटायच्या झाल्या तर उत्तमातल्या कोणाला द्याव्यात? जो कुलीन त्याला, जो रूपवान त्याला, की जो उत्तम वाजवतो त्याला? त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. कुल आणि रूप यांची थोरवी कितीही असो, बासरी वाजवणाऱ्याची. वस्तूचे प्रयोजनच तिचा अधिकारी ठरवते.

हे उत्तर मान्य केले तर आपल्या गृहस्थाला दहा वाद्ये तत्काळ उतरवून ठेवावी लागतील. पण दोन अडचणी आहेत. एक, या न्यायाने त्याचे पहिले वाद्यही त्याच्याकडे राहत नाही. कारण त्याच्याहून सरस वाजवणारा शेजारच्याच गल्लीत असेल. हौशी माणसाला मग संगीतात जागाच उरत नाही. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. मानुएल नुनेशच्या दुकानातून केवळ निष्णात वादकांनीच वाद्ये घेतली असती, तर ते दुकान किती दिवस चालले असते? १९१६ मध्ये, नुनेशच्याच हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कामाका याने होनोलुलूत सुरू केलेला कारखाना आजही त्याच कुटुंबाकडे आहे; तो टिकण्यामागे त्या कुटुंबाच्या निष्ठेइतकाच, गरज नसताना विकत घेणाऱ्या असंख्य हौशी माणसांचाही वाटा आहे. ग्राहकाचा मोह हा कारागिराचा योगक्षेम असू शकतो. याने मोहाचे पुण्य होत नाही हे खरे. पण त्याच्याकडे सरसकट पाप म्हणून पाहणाऱ्याने, मोह आवरला तर कोणाची चूल विझेल याचाही हिशेब मांडला पाहिजे.

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या ग्रंथात हाच बासरीचा दाखला नव्याने मांडला. एक बासरी आणि तिच्यासाठी भांडणारी तीन मुले. अ‍ॅन म्हणते, मला एकटीलाच ती वाजवता येते. बॉब म्हणतो, या दोघींकडे खेळणी आहेत, माझ्याजवळ काहीच नाही. कार्ला म्हणते, ही बासरी मी महिनोन्‌महिने खपून बनवली आहे. प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना ते पुरेसे वाटते, आणि दुसऱ्याचे ऐकले की डळमळू लागते. सेन यांचा रोख असा की, या तिन्ही दाव्यांमागे गंभीर तत्त्वे उभी आहेत आणि एकाला संपूर्ण न्याय म्हणावे असा निर्णय नेहमीच सापडेल असे नाही. पण या तिघांत एक जण नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याने बासरी फक्त विकत घेतली, तो तिथे हजर नाही. न वाजवणारा, गरीबही नसलेला, बनवलेलीही नसलेली वस्तू केवळ दाम मोजल्यामुळे माझी म्हणणारा मनुष्य सेन यांच्या दाखल्यात आला नाही, आणि आपल्या गृहस्थाची अडचण नेमकी तीच आहे. अकरा वाद्यांपैकी दहांवर सांगायला त्याच्याजवळ पावतीखेरीज काही नाही.

बहुधा ही उणीव कुठेतरी जाणवत असल्यामुळेच संग्राहकांपैकी काही जण एके दिवशी रंधा हाती घेतात. कार्लाचा हक्क मिळवण्याचा तो मार्ग असतो.

वाद्य घडवण्याचे काम बाहेरून वाटते त्याहून बरेच कठोर आहे. तयार भागांची पेटी विकत आणून जुळवणी करणे ही पहिली पायरी. त्यात बाजूच्या वक्र फळ्या आधीच वाकवलेल्या असतात. खरी परीक्षा त्या स्वतः वाकवायच्या ठरल्यावर सुरू होते. सुमारे दीड ते दोन मिलिमीटर जाडीची पट्टी भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू दाबत न्यायची. लाकूड एका विशिष्ट उष्णतेला आतून सैल पडते, आणि ते सैल पडणे हाताला कळते. त्या क्षणाच्या आधी जोर केला तर पट्टी तडकते. उशीर केला तर करपते. तबली रंधून पातळ करताना ती बोटाने ठोकून ऐकावी लागते. जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने ती पुढे खचते. आतल्या आडव्या पट्ट्या, कडांचे अस्तर, दांडीचा सांधा, सरसाची वेळ, यांतले काहीही नंतर दिसणार नाही. पण प्रत्येक गोष्ट ऐकू येणार आहे.

याहून निष्ठुर आहे ते गणित. पडद्यांची जागा ठरवताना तारेच्या उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे. तारेची लांबी ३५० मिलिमीटर धरली तर पहिला पडदा खुंट्यांकडच्या टोकापासून साडेएकोणीस मिलिमीटरच्या किंचित पुढे आणि बारावा बरोबर मध्यावर येतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. कानाला खटकले तर सरकवता येतात. युकुलेलीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असतात. घोडी जागेपासून चार मिलिमीटर मागे चिकटली, तर बाराव्या पडद्यावरचा सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे एक पंचमांशाने उतरतो. गिटारची तार जवळजवळ दुप्पट लांब असते, म्हणून तिथे तीच चूक निम्मीच ऐकू येते. लहान वाद्य मोठ्या वाद्याइतके क्षमाशील नसते. खेळणे समजून हाती घेतलेली वस्तू अशा रीतीने माणसाला शिस्त लावते.

आपल्या कल्पित गृहस्थाने पहिले वाद्य आठ महिन्यांत पुरे केले असे समजू. ते किंचित वाकडे आहे. सांध्यात सरसाची एक रेघ दिसते. तरी भिंतीवरच्या अकरांपैकी कशाबद्दलही वाटले नव्हते असे काही त्याला या बाराव्याबद्दल वाटते. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेची जी उपपत्ती मांडली ती त्याच्या मनाला आपोआप पटते : निसर्गातल्या वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. परंतु लॉकने एक अटही घातली होती. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. आणि इथे लाकूड स्वतः बोलू लागते.

कोआ हा वृक्ष हवाई बेटांखेरीज जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या उगवत नाही. मूळ हवाईवासी त्याच्या खोडातून समुद्रावर जाणाऱ्या होड्या कोरीत. १७९३ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने बेटांवर गुरे आणली. ती मोकाट वाढली आणि कोआची कोवळी रोपे खात गेली. पुढे कुरणांसाठी जंगले तोडली गेली. आज ज्या फळीचा लहरी रेषांचा पोत पाहून संग्राहक हरखतो, तिच्या दुर्मिळतेमागे हा इतिहास आहे. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून कडक निर्बंधांखाली आला. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या संपूर्ण कुळावर परवान्याचे बंधन आले आणि त्यात दक्षिण भारतातली शिसवीही आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. वाद्यावर चढवायची लाख झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून गोळा होते. तेव्हा ‘हे मी एकट्याने बनवले’ या वाक्यातला ‘एकट्याने’ हा शब्द टिकत नाही. कुठले तरी डोंगर, कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी हात त्या वाद्यात आधीच आलेले असतात. कार्लाच्या दाव्यातही, बासरीचा बांबू कोणाच्या बेटातला, हे विचारायचे राहूनच गेले आहे.

हात कोणाचे, हा प्रश्न भारतीय वाचकाला तर अधिक जवळचा आहे. आपल्याकडे वाद्य वाजवणाऱ्याला बिदागी, पदवी आणि पुष्पहार मिळतात. घडवणाऱ्याचे नाव क्वचित कोणाला ठाऊक असते. टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ (२०२०) या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या कारागिरांचा इतिहास लिहिला. कातड्याला हात लावणारे हे कारागीर बहुतांशी दलित. त्यांच्या कानावर आणि हातावर ज्यांची कला उभी राहिली, त्यांच्या घरात त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले नाही, याची ती नोंद आहे. मिरजेला सतार आणि तंबोरा घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात संस्थानी आश्रयाने रुजली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांचे नाव तिच्या आरंभी घेतले जाते. पंढरपूरच्या परिसरातला भोपळा, त्यावर बसणारी तबली, आणि घोडीवर तास न्‌ तास घासून लावलेली जवारी. या जवारीचे मर्म शब्दांत सांगता येत नाही, ते बापाच्या हातून मुलाच्या हातात जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सन्मान योग्यच आहे. परंतु मानांकनाने बापाच्या शेजारी मुलगा बसेलच असे नाही. तो बसावा यासाठी जवारीचे दाम त्याच्या संसाराला पुरले पाहिजेत.

या कारागिरांच्या शेजारी आपल्या हौशी गृहस्थाला उभे केले म्हणजे त्याच्या श्रमांतली एक उणीव स्पष्ट होते. गांधींनी शरीरश्रमाचे व्रत सांगितले ते भाकरीशी जोडून. स्वतःच्या अन्नासाठी स्वतः घाम गाळावा, म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगण्याचा दोष लागत नाही. हौशी कारागिराची भाकरी निवृत्तिवेतनातून येते. त्याची पट्टी तडकली तर तो हसून दुसरी घेतो. मिरजेच्या किंवा होनोलुलूच्या कारखान्यातल्या माणसाची तडकली तर तोटा होतो. श्रमाचा आनंद त्याला लाभतो, श्रमाची सक्ती नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही स्वतंत्र नागरिकाने संगीत शिकावे, पण धंदेवाइकाइतके प्रावीण्य मिळवू नये असे म्हटले होते. त्यामागे, पोटासाठी करायचे काम हीन आणि मोकळ्या वेळेचे काम उदात्त, ही समजूत होती. आजचा छंद कळत नकळत त्या जुन्या समजुतीचा वारसा घेऊन तर येत नाही ना, अशी शंका घेण्याला जागा आहे. शिवाय हा गृहस्थ आपली वाद्ये केवळ लाकडाच्या खर्चात मित्रांना देऊ लागला, तर ज्याला आपल्या तासांचे मोल लावावेच लागते त्या कारागिराचे वाद्य विनाकारण महाग दिसू लागते. औदार्यानेही कोणाचे तरी नुकसान होऊ शकते.

मग छंद टाकून द्यावा का? तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कारण घडवण्याने माणसाच्या दृष्टीत एक बदल होतो, जो विकत घेण्याने सहसा होत नाही. कामाकांच्या कारखान्याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथे अनेक वर्षे कर्णबधिर कारागीर कामाला होते. फळी किती पातळ करायची हे ते तिच्या कंपनावरून, बोटांच्या टोकांनी ओळखीत. जो आवाज ते स्वतः कधी ऐकणार नव्हते, त्याच्यासाठी ते लाकूड तयार करीत होते. भिंतीवर टांगलेल्या वाद्याकडे पाहणाऱ्याला ही गोष्ट हृद्य आख्यायिकेसारखी वाटेल. ज्याने स्वतः एक तबली बिघडवली आहे, त्याला मात्र त्या बोटांना काय ठाऊक होते याचा थोडासा अंदाज येतो. त्यानंतर तो कारागिराशी किमतीची घासाघीस त्याच सहजतेने करू शकेल काय? केलीच, तर त्याचे शिकणे वाया गेले म्हणावे लागेल. हौशी श्रमांची कसोटी इथे आहे. त्यांनी भाकरी मिळत नसली, तरी भाकरीसाठी तेच श्रम करणाऱ्याचे मोल कळले पाहिजे, आणि कळले तर ते दिले पाहिजे.

दुसरी कसोटी याहून कठीण आहे, आणि ती वाद्य पुरे झाल्यावर येते. बारावे वाद्य झाले की तेराव्याची फळी खुणावू लागते. घडवण्याचा नादही नादच असतो. त्यातही लाकडाचे तुकडे, पटाश्या आणि कानशी साठत जातात आणि परिग्रह नवे रूप घेतो. वाद्ये घरात मावेनाशी झाली की ती देऊन टाकावीत, हे सर्वांना सुचते. बॉबचा दावा इथे आपोआप मान्य होतो : ज्याच्याजवळ काही नाही अशा मुलाला एक द्यावे. १९४९ मध्ये मारिओ मकाफेरी या इटालियन वंशाच्या वाद्यकाराने प्लॅस्टिकची युकुलेली काढली, आणि ती लाखोंनी खपली. उच्चभ्रू रसिकांनी तिला नाके मुरडली असतील; पण तो स्वतः कसलेला गिटारवादक आणि वाद्यकार होता, आणि स्वस्त वाद्यही सुरात असले पाहिजे याबद्दल तो काटेकोर होता. देणगीचा विचार करताना हा प्लॅस्टिकचा दाखला विसरता येत नाही.

आपल्या गृहस्थाच्या पहिल्या वाद्याची घोडी चार मिलिमीटर मागे बसलेली आहे असे समजू. त्याला ते माहीत आहे. मोकळ्या तारा लावल्या तर त्या गोड वाजतात. वरच्या पडद्यांवर गेले की सूर उतरतो. ते वाद्य तो शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या मुलीला देऊ शकतो. हाताने घडवलेले, कोआचे, प्रेमाने दिलेले वाद्य; देणगी म्हणून याहून सुंदर काय असेल? पण ती मुलगी वाजवू लागेल तेव्हा तिला घोडीचे गणित ठाऊक नसेल. बोट बरोबर पडद्यावर पडूनही सूर लागत नाही, हे तिच्या कानाला कळेल, आणि चूक आपली आहे असे ती समजेल. वाद्य खोटे आहे, असा संशय मूल सहसा घेत नाही. आपल्याला कानच नाही, असे ते मानून चालते. मोठेपणी ‘मला गाणे कळत नाही’ असे सांगणाऱ्या किती जणांच्या हाती लहानपणी असे एखादे खोटे वाद्य आले असेल, याची नोंद कोठेही नाही.

या ठिकाणी तिन्ही दावेदार एकत्र येतात. घडवणाऱ्याचा हक्क, वाजवणारीचा अधिकार आणि नसलेलीची गरज, यांतला कोणताही एक दावा मोठा असे म्हणून येथला निर्णय होत नाही. निर्णय घोडीच्या जागेवर होतो. मालकी सांगताना घडवणाऱ्याला आपल्या चुकीसकट वस्तूवर प्रेम करण्याची मुभा आहे. वाकडा सांधा, सरसाची रेघ, यांना तो आपल्या हाताची खूण म्हणू शकतो, आणि भिंतीवर ते वाद्य आनंदाने राहू शकते. देताना मात्र ती मुभा संपते. सांधा वाकडा राहिला तरी चालेल; सूर खोटा असून चालणार नाही, कारण त्या चुकीचे ओझे दुसऱ्या कोणाच्या आत्मविश्वासावर जाऊन पडणार आहे. वस्तू आपली असते तोवर तिच्यातला दोष हा स्वभाव मानता येतो. ती दुसऱ्याची झाली की तोच दोष ऋण होतो.

लिलिउओकलानीने नावाचा जो अर्थ सांगितला त्यात ‘देणे’ हा शब्द आहे. मराठीतही ‘देणे’ म्हणजे देणगी आणि ‘देणे’ म्हणजे फेडायची बाकी. ज्याला वाद्ये घेण्याचा आणि घडवण्याचा नाद लागला आहे त्याच्यावर अशा बाकीचे बरेच धागे येऊन ठेपतात : ज्या बेटांचे राज्य गेले त्या बेटांचे, ज्या जंगलाचे लाकूड आले त्या जंगलाचे, ज्यांच्या हातांची विद्या त्याने थोडीबहुत उचलली त्या कारागिरांचे. सगळी बाकी फेडणे कोणा एकाला शक्य नाही. पण घोडी उखडणे शक्य आहे. सुरीचे पाते तापवून सरस सैल करावा लागतो. लाखेचा थर बिघडतो. तबलीचे तंतू उचकटण्याची भीती असते. आठ महिन्यांचे काम पुन्हा अर्ध्यावर येते. आपल्या गृहस्थाने हे करावे की न करावे, हे त्याला कोणी सांगणार नाही. कारण दोष फक्त त्यालाच ठाऊक आहे, आणि मुलगी काही तक्रार करणार नाही. त्याने पाते तापवायला घेतले तर त्याच्या नादाबद्दल फारसे बोलण्याची गरज उरणार नाही.